एकलाईची फणी

२६ ऑगस्ट १९३४, रविवार

पोचले एकदाची! आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरींची नाकं पुसून आणि शुद्धलेखन सुधारून झाल्यावर आज पहिल्यांदा मी एका घराचं दार आतून लावून घेतलं, आणि ते ठोठावणारं कुणी नाही. जालन्याच्या मुलींच्या शाळेतून मी मे महिन्यात निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात माझ्याबद्दल इतकं गोड बोलले की आपण जिवंत आहोत ना, अशी मला शंका आली. मग अनवरीचा निरोप आला. अनवरी माझी जुनी विद्यार्थिनी, आता धावड्याकडच्या जहागीरदारांची सून. तिच्या सासऱ्यांनी उन्हाळ्यासाठी एकलाईच्या डोंगरावर बांधलेला दगडी बंगला बरीच वर्षं रिकामा आहे. उस्तानीजींनी (बाईंना ती शाळेपासून हेच म्हणते) हवं तितकं राहावं, असं तिनं कळवलं. फक्त डोंगराचे रिवाज तेवढे पाळावेत. रिवाजांकडे येतेच. आधी चांगलं लिहिते. कॉन्व्हेंटात सिस्टर अ‍ॅग्नेसनी आम्हांला रोजनिशी लिहायला शिकवली तेव्हाचा नियम आहे, आधी आभार आणि मग तक्रार.

डोंगर नावाप्रमाणे एकटा आहे. अजिंठ्याच्या रांगेवर रुसून पुढं येऊन बसल्यासारखा. चारी बाजूंना तुटलेले कडे, वर परातीसारखं पठार, मध्ये बारमाही झरा आणि त्याचं पाणी साठवणारं दगडी टाकं. पठारावरच्या गवतात एक फूल उभं आहे, लहानशा कंदिलासारखं, हिरवट पांढरं, आत जांभळी वात. टाक्यात तांब्याच्या रंगाच्या बेडक्या आहेत, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढ्या. ओरडतात कशा, तर कुणी चमच्यानं पेल्यावर टिचकी मारावी तशा. कडूबा म्हणून एक गलेलठ्ठ गडी मला रोज दूध-भाजी आणून देणार आहे. त्याचं म्हणणं, असले कंदील आणि असल्या बेडक्या आता दुसऱ्या कुठल्याच डोंगरावर राहिल्या नाहीत. हे त्यानं अशा तोऱ्यात सांगितलं, जणू सगळी अंडी त्यानंच घातली होती.

व्हरांड्यात लालबुड्या बुलबुलांची जोडी आहे. संध्याकाळपर्यंत त्यांतला नर माझ्या तळहातावरची मनुका उचलून नेऊ लागला. माझ्या वर्गातल्या मुलींना इतका धीर यायला वर्ष लागायचं.

आता तक्रार. डोंगराच्या पायथ्याशी एक काळा दगड आहे. वर जाणाऱ्यानं तिथं थांबायचं, तळवे राखेनं घासायचे, पदर-धोतर झटकायचं, गाठोडी उलगडून दाखवायची, आणि मग (लिहितानासुद्धा मळमळतं) केस विंचरून घ्यायचे. फणी एकच. शिंगाची, तेलानं काळी पडलेली, दातांच्या बेचक्यांत सगळ्या गावाचा कोंडा. ही फणी चालवणारी गोजरबाई नावाची एक दांडगी बाई दगडावर बसलेली असते आणि तंबाखूची पिचकारी नेमकी समोरच्याच्या पायाशी सोडते. कडूबानं आपलं डोकं तिच्या मांडीवर मेंढरासारखं दिलं. मग ती मला म्हणाली, 'या मास्तरीणबाई, लाजू नका. हितं जहागीरदाराच्या सुनंनं बी विंचरून घेतलंय.' मी म्हटलं, ती फणी डोक्याला लागली तर मी डोकं कापीन, आणि ते माझं नसेल. पत्र्याची पेटी उघडायला सांगितली तेव्हा मी पेटीवरच बसले. शेवटी अनवरीचं नाव घेऊन सगळ्यांना दटावलं, भोयांना मी बसलेली खुर्ची उचलायला लावली आणि न झटकता, न विंचरता, पेटीसकट वर आले. मागून ती ओरडत होती की ह्या बाईला कुणी काई शिकिवलं न्हाई का.

मला!

२८ ऑगस्ट

पेटीत काय होतं ते आता लिहायला हरकत नाही. आमच्या शाळेच्या कुंपणाच्या काड्या, ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या. लोक त्या झाडाला घाणेरी म्हणतात. चांगल्या गोष्टीला वाईट नाव ठेवायची आपल्याकडे हौसच आहे. गुलाबी-पिवळे झुबके, बारा महिने बहर, गुरं सहसा तोंड लावत नाहीत, चोर आत शिरत नाहीत. कॉन्व्हेंटच्या मैदानाभोवती हेच कुंपण होतं, आणि त्याच्या आत मी जितकी सुखी होते तितकी नंतर कुठंच झाले नाही. निघायच्या सकाळी स्वतः छाटून घेतल्या. फांद्यांत डोकं घालावं लागलं. पिकली काळी फळं अंबाड्यात चिरडली, पदराला डाग पडले, वासानं दिवसभर कपाळ दुखलं. पण कुंपणाशिवाय घर म्हणजे बाह्या नसलेलं पोलकं. आज बंगल्याभोवती सगळ्या काड्या लावून टाकल्या. ती कंदिलाची फुलं मध्ये येत होती, ती उपटली.

व्हरांड्यातून पलीकडे साहेबाचा डोंगर दिसतो. छावणीतल्या कुणा गोऱ्या साहेबानं पूर्वी तिथं बाग केली होती म्हणे. आता तो सबंध डोंगर घाणेरीच्या फुलांनी माखला आहे. उन्हात कसा गुलाबी दिसतो! आमचाही तसा दिसेल.

बुलबुल पावसात भिजतात म्हणून पलंगावरच्या छपराचं एक कौल सरकवून ठेवलं आहे. आता दोघं सरळ आत येतात आणि उशीवर बसून मनुका मागतात.

३१ ऑगस्ट

सकाळी पाहते तर सगळ्या काड्या जमिनीवर आडव्या. कुणी उपटल्या म्हणावं तर खड्डे नाहीत, माती सपाट. काड्यांची बुडं पांढरी पडलेली, साल कुणीतरी चोखून काढल्यासारखी, आणि बुळबुळीत. तो चिकटा साबणानं धुतला तरी हाताचा जाईना. शी! कडूबाला झापलं. तो म्हणाला, 'बाईसाहेब, म्या कशाला उपटू? मला तर वाकताच येत न्हाई.' त्याच्या पोटाकडे पाहून मला ते पटलं. म्हणजे गोजरबाई.

पुन्हा लावल्या. खोल.

३ सप्टेंबर

पुन्हा बाहेर. पुन्हा लावल्या आणि ह्या वेळी भर दुपारी खुर्ची टाकून राखण बसले. कुणीही आलं नाही. थोड्या वेळानं पहिल्या काडीच्या बुडाशी माती फुगली. नको असलेला घास मूल जिभेनं बाहेर ढकलतं, तशी काडी हळूहळू वर आली, कलंडली, पडली. भोक मिटलं. मी खुर्ची मागं सरकवली. घूस असणार. जमिनीखाली घुशी असतात.

कडूबानं चुगली केलीच. गोजरबाई बोलावल्याशिवाय वर आली, काड्या पाहिल्या आणि कमरेवर हात ठेवून मला झोडपायला लागली. तिचं माहेर साहेबाच्या डोंगराखालचं. साहेब बाग सोडून गेला, घाणेरी राहिली. पाखरांनी फळं खाल्ली आणि डोंगरभर हगली, शब्द तिचे. मग गवत गेलं, झरा आटला, बेडक्या गेल्या, कंदील गेले. भुकेल्या गुरांनी शेवटी तोच पाला खाल्ला. त्यांची थोबाडं सुजली, उन्हात अंगावरची कातडी सोलून लोंबली. तिच्या बापाची गाय अंगभर माश्या घेऊन उभ्याउभ्या मेली. 'आता ह्यो एकच डोंगर राह्यलाय, मास्तरीणबाई. ह्याला बी खाता का?'

मी म्हटलं, चार काड्यांनी डोंगर मरत नसतात. ती म्हणाली, 'एकलाई बाहेरच्याला भुई देत न्हाई. मंग ते आणणाऱ्याच्याच अंगावर जागा धुंडतं. म्हणून विंचरून घ्या म्हणलं, तर तुमचा अंबाडा मोडून राह्यला व्हता!' मी तिला सांगितलं की देवीला काही तक्रार असेल तर तिनं ती लेखी करावी.

काड्या तिनं एकूण एक वेचल्या, फडक्यात घट्ट बांधल्या आणि खाली जाळायला नेल्या. नेऊ देत. एक गोष्ट मात्र लक्षात आली. तोंडात तंबाखू असूनही ती वर कुठं थुंकली नाही.

८ सप्टेंबर

आभार: काही सुचत नाही.

तक्रार: डोक्याला खाज. उवा! मला, ह्या वयात, उवा! ही त्या फणीची करणी, असं लिहिणार होते. पण फणी माझ्या डोक्याला लागलीच नव्हती. कडूबाच्या डोक्यातून आल्या असतील. रॉकेल चोळलं. उपयोग शून्य. बोटं फिरवली की टाळूवर गाठी लागतात, शिजलेल्या साबुदाण्यासारख्या. फोडल्या तर पाणी येतं. त्या पाण्याला वास आहे. ओळखीचा.

११ सप्टेंबर

आरशात बघून लिहिते आहे. उजव्या कानामागे एक रोप आहे. दोन पानं, कातरलेल्या कडांची, खरखरीत. चुरडून पाहिलं. घाणेरी.

धरून ओढलं. मूळ शेवईसारखं निघालं, निघतच राहिलं, आणि ओढताना माझ्या डोळ्याची पापणी आपोआप मिटत होती. संपलं तेव्हा टोकाला गुलाबी चिंधी होती. चुलीत टाकलं. चुलीतून मटणासारखा वास आला.

मग शहाण्यासारखा बाकीच्या डोक्यावर हात फिरवला. फिरवायला नको होता.

१४ सप्टेंबर

ह्या दिवसांत मी सारखी डोकं धूत होते. मोरीचं पाणी पन्हाळीतून टाक्याकडे जातं हे मला माहीत होतं. कुठंतरी जाणारच, असं वाटायचं. आज टाक्यावर गेले. पाणी चहासारखं. त्यावर बेडक्या उताण्या, पोटं फुगलेली, तांब्याचा रंग उडालेला. एक उचलली. तिची कातडी माझ्या बोटांवर मोज्यासारखी राहिली आणि आतली बेडकी घसरून पाण्यात पडली. नुसतं लालसर मांस, त्याला डोळे. माझ्या हातावर ते ओलं पातळ पोतेरं. झटकलं तरी सुटेना.

टिचकीचा आवाज कुठंच नव्हता. तेव्हा लक्षात आलं की तो बरेच दिवस नाही.

मला त्या गाईची आठवण झाली. गोजरबाईच्या बापाच्या.

मोरीच्या तोंडात चिंध्या कोंबल्या आहेत. ह्यापुढं अंघोळ बंद. मी, जिनं वर्गात येणाऱ्या प्रत्येक मुलीची नखं तपासली, ती आता स्वतःच्या घाणीत बसणार. पण ते पाणी पुन्हा तिकडे जाणार नाही.

१७ सप्टेंबर

केस कापले. खाली केसांपेक्षा दाट दुसरंच. उपटते तिथं दोन येतात. डोक्याला फडकं बांधून दूध घेतलं, तरी कडूबानं नाक धरलं, मग नाक धरल्याबद्दल माफी मागितली, मग माझ्या मानेकडे बघितलं आणि दूध सांडलं.

लपवून काय उपयोग. मी त्याला दाखवलं. आणि गोजरबाईला फणी घेऊन वर पाठव म्हटलं.

मी म्हटलं हे.

१९ सप्टेंबर

आली. हसेल असं वाटलं होतं, हसली नाही. टाक्यावर जाऊन आली होती; तिचे डोळे लाल होते. माझं डोकं मांडीवर घेतलं. तिच्या लुगड्याला राखेचा आणि तंबाखूचा वास होता आणि मला तो माझ्या वासापेक्षा पुष्कळ बरा वाटला. फणी चालली की टाके उसवल्यासारखा आवाज यायचा. दातांत पांढरी ओली मुळं, मुळांना माझी साल. ती एकेक झुबका निखाऱ्यांच्या पाटीत टाकत होती आणि शिव्या देत होती, रोपांना, साहेबाला, मला. मी किंचाळले तेव्हा म्हणाली, 'वरडा, वरडा. शाळा सुटलीय.' मला हसू फुटलं. हसताना घशात काहीतरी खरखरलं.

तिचं म्हणणं, वरचं निघालं, आतलं फणीला निघायचं नाही. डोंगराखाली उतरलं की त्याला भुई मिळेल आणि ते मला सोडेल. दगडापाशी खड्डा करून सगळं जाळू. पण फळ धरायच्या आत. एकदा फळ धरलं की पाखरं आली, आणि पाखरं आली की साहेबाच्या डोंगरासारखंच. ती म्हणाली, 'आताच चला. म्या खुर्ची सांगते.'

आज खाली बाजार आहे. दगडासमोरून सगळं धावडं गाव जात-येत असणार. भादरलेलं डोकं, त्यावर रक्त, कानामागे पाला, आणि मी खुर्चीत. आजवर माझा पदर ढळलेला कुणी पाहिलेला नाही. मी म्हटलं, उद्या.

तिनं फणी पदराला पुसून कमरेला खोवली. मग म्हणाली, 'तुमी अन् तुमचा अंबाडा.'

२० सप्टेंबर

गुडघे वाकत नाहीत.

पायमोजे काढले. कापावे लागले, आतून टोचून बसले होते. नडगीवर उलटे काटे. आणि नडगी चौकोनी झाली आहे. बोट फिरवलं की चार कडा लागतात. घाणेरीची काडी चौकोनी असते. वर्गात मीच शिकवत असे, फांदी हातात देऊन.

मानेवर झुबके. गुलाबी, मध्ये पिवळे. फुलले आहेत. एक फुलपाखरू बसलं आहे आणि त्याची सोंड मला आत जाणवते.

२१ सप्टेंबर

खुर्चीत बसता येईना म्हणून बाजेवर बांधून बाहेर काढलं. व्हरांड्याच्या पायरीपर्यंत. झाडं पाखरांनी वाकली होती. बुलबुल, साळुंक्या, सगळे गप्प, सगळे माझ्याकडे बघत. मग एकदम आले. गोजरबाई बाजेवर आडवी पडली आणि पदरानं मारत सुटली. एकानं मानेवरचं फळ तोडलं, कच्चं होतं, टाकलं. कडूबानं रांगत जाऊन ते शोधलं आणि तोंडात टाकून गिळलं. म्हणाला, 'आता जाऊ द्या पोटात. हागायला खाली जाईन.' भला माणूस.

चादर घातली, काट्यांनी फाटली. उतार सगळा झाडीतून. तोवर फळं काळी होणार. एक जरी पाखरू —

मीच म्हटलं, आत न्या मला.

२३ सप्टेंबर

ठरवलं ते लिहिते, हात चालतो आहे तोवर.

दारं, खिडक्या, झरोके, मोरी, सगळं बाहेरून बंद. फटा शेणानं लिंपल्या. शेणाच्या वासानं मला जन्मभर ओकारी यायची. परवा मीच ओरडून सांगत होते, इकडे अजून लावा, जाड लावा. आत फरशी आहे, माती नाही. बी पडलं तरी वाळेल. रोज सकाळी गोजरबाई दाराबाहेरून हाक मारते. मी ओ द्यायची. ओ आली नाही की बंगला पेटवायचा. फुलं-फळं, पलंग, मी. अनवरीला सांगायला सांगितलं आहे की उस्तानीजींनी तिचा बंगला जाळला त्याबद्दल माफ कर.

गोजरबाई दाराला टेकून बसते. काल म्हणाली, 'भ्याव वाटून राह्यलं का?' मी म्हटलं, मूर्खासारखे प्रश्न विचारू नकोस. तिला बरं वाटलं असावं.

२५ सप्टेंबर

ओ दिली.

फळं काळी. चकचकीत, झुबकेच्या झुबके, गळ्यापासून खांद्यापर्यंत. एक उशीवर फुटलं. आत बी आणि पिवळा गर आणि — माझंच काहीतरी. जीभ दाताला लागत नाही, मध्ये पान आहे. थुंकते. पुन्हा येतं.

गावच्या बायांनी टाकं उपसलं. घागरींनी, सगळं घाण पाणी डोंगराखाली वाहून नेलं, एक थेंब वर सांडू दिला नाही. झऱ्यानं पुन्हा भरलं. स्वच्छ आहे, गोजरबाई म्हणाली.

२६ सप्टेंबर

आभार: टिचकी. पहाटे. एकच. चमचा पेल्यावर — मग थांबून पुन्हा. दाराबाहेर गोजरबाई रडली की हसली ते कळलं नाही. म्हणाली, 'ऐकलं का? हाय अजून. एक तरी हाय.'

आहे. एक तरी आहे.

तक्रार नाही.

२७ सप्टेंबर

ओ दिली. आवाज नव्हता, पलंग वाजवला.

डावा हात गेला. फांदी. उजव्याची तीन बोटं —

वर खडखड. उंदीर? नाही. उजेड पडला आहे. पांघरुणावर, पेढ्याएवढा. उजेड कुठून, सगळं तर लिंपून —

कौल.

माझं कौल. मीच सरकवलेलं, मग पाचोळ्यानं बुजलेलं. भिंती पाहिल्या, दारं पाहिली. वर कुणी नाही पाहिलं. मीही —

तो उशीवर आहे. माझाच. तुरा वर करून. मनुकेची वाट बघतो आहे. तळहात पुढं केला, धरावा म्हणून. तो आपण होऊन येऊन बसला. किती शहाणा. किती विश्वास. बोटं मिटत नाहीत. बोटं मिट

त्यानं कानामागून एक फळ घेतलं. काळं. गिळलं.

हाक — गोजर — पानं, घशात पानं —

तो कौलाकडे बघतो आहे. पंख हलवतो आहे. नको. बाळा, नको. अजून आहेत इथं, हे बघ, गळ्यापाशी किती, सगळी घे, सगळी तुझी, पण इथंच बस, इथंच ब